मोरजीच्या वाळूवरील परतीचे प्रवासी

उपवासकाळाचे शेवटचे दिवस आले की आपल्या घरोघरी पवित्र आठवड्याची तयारी सुरू होते. घराची झाडलोट होते, झावळ्यांच्या रविवारसाठी झावळ्या आणल्या जातात, आणि जहाजावर अथवा आखातात असलेला मुलगा सणाला येणार की नाही, याची आईबाप मनातल्या मनात उजळणी करू लागतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या किनाऱ्यावर आणखी एका प्रवासाची तयारी चाललेली असते. हजारो पाखरे हिवाळाभर आपल्या वाळूवर व चिखलात राहून आता उत्तरेकडे, आपल्या जन्मभूमीकडे, परत निघालेली असतात. ती येतात कधी आणि जातात कधी, याचा पत्ता आपल्यापैकी फारच थोड्यांना असतो. आम्हांसही तो नव्हता. २०२४ सालच्या पवित्र आठवड्यात आम्हांस जे पाहावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही बेळगावकडची माणसे. समुद्र आमच्या दारात नाही. बहीण मात्र गोव्यात बारदेसातील शिवोलीस दिलेली. त्या वर्षी ईस्टर तिच्याकडे करावा असे ठरले, आणि आम्ही सहकुटुंब चोर्ला घाट उतरून शिवोलीस पोहोचलो. आमचे भावजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या खुंटीवर एक जुनी दुर्बीण नेहमी टांगलेली असते. मंगळवारी रात्री जेवणे आटोपल्यावर ते म्हणाले, “उद्या पहाटे उठाल तर मोरजीला नेतो. ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास आहे, आणि उधाणाचे दिवस आहेत. असा योग पुन्हा लवकर येणार नाही.”

उधाणाचे दिवस त्यांस पंचांग न पाहता कसे कळले, असे आम्ही विचारले, तेव्हा ते हसले. ईस्टरचा रविवार कसा ठरतो? २१ मार्चला अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा जो पहिला रविवार, तो ईस्टर. म्हणजे पवित्र आठवड्यात पौर्णिमा यायचीच. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, समुद्रास उधाण येते, आणि त्यापुढील एक-दोन दिवस भरती सर्वांत उंच चढते व ओहोटी सर्वांत खोल उतरते. एरवी पाण्याखाली राहणारा चिखल त्या दिवसांत उघडा पडतो. इतकी वर्षे आम्ही पवित्र आठवडा पाळीत आलो, पण त्याचा व भरतीओहोटीचा हा संबंध आमच्या ध्यानी कधी आला नव्हता.

बुधवारी पहाटे अंधारातच निघालो. बरोबर आमचा नऊ वर्षांचा भाचा होता. शापोरा नदीवर पूर्वी फेरीबोट होती. आता पूल आहे. तो ओलांडला की चोपडे लागते, आणि तेथून डावीकडे नदीच्या काठाकाठाने रस्ता मोरजीस जातो. ही शापोरा म्हणजे आपल्या घाटावरचेच पाणी. सह्याद्रीत उगम पावून, दोडामार्ग तालुक्यातून तिळारी या नावाने वाहत ती गोव्यात शिरते आणि पेडणे व बारदेस यांच्यामधून समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी दक्षिणेस शापोऱ्याचा किल्ला व मच्छीमारांचा धक्का आहे, आणि उत्तरेस मोरजीचा टेंब. या टेंबाच्या टोकाशी नदी व समुद्र यांच्यामध्ये वाळूचा एक लांब दांडा तयार झालेला आहे. हिवाळ्याच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे याच वाळूत अंडी घालण्यास येतात, आणि वनखात्याची माणसे त्या अंड्यांची राखण करतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा पूर्व नुकती उजळत होती, आणि पश्चिमेस समुद्रावर दोन दिवस उतरलेला चंद्र अजून फिकट दिसत होता. पाणी दूर मागे गेले होते. आधी आम्हांस ओली वाळू व चिखल याखेरीज काहीच दिसेना. भावजींनी दुर्बीण हाती दिली, आणि तो चिखल हालू लागला! जी ढेकळे वाटली होती ती पाखरे होती. शेकड्यांनी होती. धावत होती, थांबत होती, वाकून चोच मारीत होती, पुन्हा धावत होती.

सर्वांत अधिक संख्येने होते ते चिखल्या जातीचे लहान पक्षी. मुठीत मावेल एवढे अंग, आणि वजन सुमारे साठ ग्रॅम. हिवाळ्यात हा पक्षी वाळूच्याच रंगाचा, राखी-तपकिरी असतो. कोणाचे लक्ष जावे असे त्यात काही नसते. पण मार्च सरता सरता त्याच्या छातीवर विटकरी तांबडा पट्टा उमटू लागतो. आम्ही पाहिले तेव्हा काहींच्या छातीवर तो पुरता उमटला होता, तर काही अद्याप राखीच होते. हा विणीचा पोशाख. तो अंगावर चढला की प्रवास जवळ आला असे समजावे. यांच्यापैकी कित्येकांची घरटी लडाख, तिबेट व मध्य आशियातील पठारांवर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहूनही उंच जागी असतात. समुद्राच्या काठी हिवाळा काढणारा हा जीव उन्हाळ्यात जगाच्या छपरावर संसार मांडतो!

त्यांच्या पलीकडे, नदीच्या बाजूच्या मऊ चिखलात, तुतारी जातीचे पक्षी होते. त्यांतील एकाची चोच लांब व टोकाकडे किंचित खाली वळलेली. इंग्रजीत त्यास कर्ल्यू सँडपायपर म्हणतात. त्याच्या पोटावरही विटकरी रंग चढू लागला होता. हा लडाखातही थांबत नाही. त्याचे घर उत्तर सायबेरियात, आर्क्टिक महासागराच्या काठच्या वृक्षहीन प्रदेशात असते. त्याच वाटेने जाणारा छोटा टिलवा तर चिमणीएवढादेखील नाही. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा तो जीव हजारो किलोमीटर उडून जातो. दूर एकटाच चालत होता तो कोरल. त्याची बाकदार चोच इतकी लांब की ती पेलून तो चालतो कसा, याचेच नवल वाटावे.

एवढ्या सगळ्यांना एकाच चिखलात पुरते तरी कसे, असे आम्ही विचारले. भावजींनी शाळेत शिकवावे तसे सांगितले, “चोची पाहा. चिखल्याची चोच आखूड. तो डोळ्यांनी पाहून वरवरचे टिपतो. तुतारीची चोच मध्यम. ती बोट-दोन बोटे खाली जाते. कोरलाची चोच वीतभर. खोल बिळातला किडा त्याच्या वाटणीचा. या चिखल उपसणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या चोचीच्या टोकाला स्पर्शाचे ज्ञान असते. डोळ्यांना न दिसणारा किडा त्यांस चोचीने कळतो. एकाच ताटात जेवतात, पण एकमेकांच्या घासाला हात लावीत नाहीत.” आम्हांस आमच्या एकत्र कुटुंबाची आठवण झाली, आणि तेथे असे नेहमीच घडत असे, असे मात्र म्हणवेना.

दांड्याच्या टोकाशी पाण्यालगत कुरव पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचा असतो, फक्त कानाशी एक डाग. आता कित्येकांनी डोक्यावर गडद तपकिरी टोपडे चढविले होते. हेही लडाख-तिबेटच्या तलावांकाठी अंडी घालणारे. त्यांच्यात मधूनच नारिंगी चोचीचे सुरय उभे होते. निमुळते अंग, डोक्यामागे विस्कटलेल्या केसांसारखा तुरा. सुरय हवेत थबकतो, मान खाली घालतो, आणि दगड पडावा तसा पाण्यात कोसळून चोचीत मासा घेऊन वर येतो. शापोऱ्याहून परतणाऱ्या होड्यांच्या मागे तर कुरव व सुरय यांची झुंबड उडाली होती.

खोल समुद्रात जाणारे आपले मच्छीमार बांधव आणखी एक पाखरू पाहतात. ते किनाऱ्यावर सहसा येत नाही. ते काळसर व लहान असून पाण्याला पाय लावीत, जणू लाटांवर चालत, अन्न टिपते. त्याच्या इंग्रजी पेट्रेल या नावाचा संबंध संत पेत्राशी जोडला जातो, कारण प्रभूच्या हाकेसरशी पेत्र पाण्यावर चालू लागला होता. विल्सनचे म्हणून ओळखले जाणारे हे पेट्रेल दक्षिण ध्रुवाकडच्या बेटांवर अंडी घालते व तिकडे हिवाळा पडला की आपल्या अरबी समुद्रापर्यंत येते. आपले हिवाळी पाहुणे उत्तरेस निघाले की त्यानंतर हा दक्षिणेचा पाहुणा येतो.

नऊ वाजले. पाणी चढू लागले. गुडघाभर पाण्यात बसून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका टोपल्या घेऊन काठाकडे सरकल्या. चिखल झाकला गेला तशी पाखरेही उठून दांड्यावर येऊ लागली. भरतीचे चार-पाच तास त्यांस खावयास काही नसते. तेव्हा ती एके ठिकाणी दाटीने बसून विश्रांती घेतात, एका पायावर उभी राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. बघता बघता तो दांडा पाखरांनी भरून गेला.

आणि येथे आमच्या हातून जे घडले ते सांगितलेच पाहिजे. इतका वेळ शहाण्यासारखा बसलेला आमचा भाचा एकाएकी हात पसरून त्या थव्यावर धावत गेला. सगळा थवा एकदम उठला. क्षणात सगळी पांढरी पोटे उन्हात चमकली, क्षणात सगळ्या पाठी काळवंडल्या. एक मोठी चादर झटकावी तसा तो थवा आकाशात वळला. दृश्य इतके सुंदर होते की आम्ही टाळ्या वाजविल्या. इतकेच नव्हे, तर आम्हीच ओरडून म्हणालो, “पुन्हा एकदा पळ रे!” फोटो घ्यावयाचा राहिला होता ना! तो पुन्हा पळाला. थवा पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उतरू लागला तो किनाऱ्यावरची तीन मोकाट कुत्री भुंकत धावली, आणि पाखरे समुद्रावर दूर निघून गेली.

तिसऱ्यांची टोपली डोईवर घेऊन एक म्हातारी जवळून चालली होती. ती थांबली. रागावली नाही. मुलाकडे पाहून एवढेच म्हणाली, “बसूं दी रे तांकां बाळा. फुडें वचपाचीं आसात तीं.” म्हणजे, त्यांना बसू दे, त्यांना पुढे जायचे आहे. मग आमच्या बहिणीशी दोन शब्द बोलली. तिचा मुलगा तारवटी, जहाजावर. आठ-आठ महिने घर पाहत नाही. ईस्टरला येणार होता. येत नाही असा फोन आला होता. हे सांगून ती आपल्या वाटेने गेली.

आम्ही खजील होऊन बसलो. भावजींनी आतापर्यंत आम्हांस अडविले नव्हते. आता त्यांनी हिशेब समजावून सांगितला. या पाखरांस जाण्यापूर्वी अंगात चरबी साठवावी लागते. हेच त्यांचे वाटखर्चाचे गाठोडे. लांब पल्ल्याच्या काही जातींचे वजन निघण्याच्या वेळी जवळजवळ दुप्पट होते. गॉडविट नावाचा याच कुळातील पक्षी तर उड्डाणापूर्वी आपले जठर व आतडीही आक्रसून घेतो, म्हणजे तेवढे ओझे कमी! २०२२ सालच्या ऑक्टोबरात त्या जातीचे एक कोवळे पाखरू, पाठीवर उपग्रहाशी जोडलेले लहानसे यंत्र बांधलेले, अलास्काहून निघाले ते ११ दिवस कोठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियास पोहोचले. अन्न नाही, पाणी नाही, टेकावयास जागा नाही. होती ती केवळ अंगातील शिदोरी.

“आपण एकदा उडवतो,” भावजी म्हणाले, “तेव्हा त्या शिदोरीतला एक घास आपण काढून घेतो. एकदा केले तर ती भरून काढतात. पण सकाळी कुत्री, दुपारी पर्यटकांच्या गाड्या, संध्याकाळी पोरे, असे रोज झाले तर ती अर्ध्या शिदोरीवर निघतात, नाही तर जागाच सोडतात. आणि जागा तरी कोठे राहिल्या आहेत?”

हा प्रश्न घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो. तेथे मांडवीच्या काठच्या तिवरांच्या वनात पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावाचे अभयारण्य आहे. ते १९८८ मध्ये स्थापन झाले व अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे. परंतु आमच्या मनात भरली ती खाजने. आपल्या पूर्वजांनी खाडीच्या काठी मातीचे बांध घालून, त्यांत मानस म्हणजे लाकडी दारे बसवून खाऱ्या पाण्याचे राज्य आवरले. भरतीबरोबर ही दारे आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात तेथे खारे सोसणारे भात पिकते. एरवी मासे व कोळंबी मिळते. किनारा भरतीने झाकला गेला की हीच उथळ खाजने या पाखरांच्या उपयोगी पडतात. गोरगरीब शेतकऱ्याने पोटासाठी बांधलेला बांध दूरच्या प्रवाशासही पोसतो. तो बांध फुटला, खाजनात भराव पडला, की शेतकऱ्याचे भात जाते आणि पाखराचा घासही जातो.

त्यानंतर जे वाचनात आले ते मन विषण्ण करणारे आहे. २०२४ सालच्या ऑक्टोबरात जागतिक निसर्ग संवर्धन संघाने किनाऱ्यावरील १६ जातींच्या पक्ष्यांची धोक्याची पातळी वाढविली. त्यांत आम्ही मोरजीस पाहिलेला तो विटकरी पोटाचा कर्ल्यू सँडपायपरही आहे. २०२५ सालच्या ऑक्टोबरात त्याच संस्थेने सडपातळ चोचीचा कोरल जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. तो सायबेरियात अंडी घाली व भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळा काढी. त्याचे शेवटचे निर्विवाद दर्शन १९९५ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर झाले होते. शिकार आणि पाणथळ जागांचा नाश ही त्याच्या नाशाची कारणे मानली जातात. आमच्या दुर्बिणीत दिसलेल्या कोरलाचा तो चुलत भाऊ. हे कोणी एका दिवसात केले नाही. अनेक देशांत, अनेक माणसांनी थोडे थोडे केले.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आकाशातील करकोचाचा आणि इतर प्रवासी पक्ष्यांचा दाखला आहे. पाखरे आपला परतीचा काळ जाणतात, पण देवाची प्रजा आपल्या देवाकडे परतण्याची वेळ ओळखीत नाही, असे दुःख संदेष्ट्याने तेथे व्यक्त केले आहे. उपवासकाळात हा अध्याय आम्ही अनेकदा ऐकला असेल. मोरजीच्या वाळूवर बसल्यावर तो प्रथमच कळला. प्रभू येशूनेही कवडीमोल चिमण्यांचा दाखला देऊन सांगितले की पित्यास त्यांचाही विसर पडत नाही. ज्याची आठवण पित्यास आहे, त्यास आम्ही फोटोसाठी उडवावे काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ या विश्वपत्रात सृष्टीस आपले सर्वांचे एक घर म्हटले, आणि त्यास नाव दिले ते पाखरांस भावंडे मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या गीतावरून. घरात पाहुणा निजला असता आपण पोरांस दंगा करू देत नाही. घराचा एवढा साधा नियम किनाऱ्यावरही पाळता येईल.

वाचकांपैकी पुष्कळ जण मे महिन्यात किनाऱ्यावर जातील. त्यांस आमची विनंती आहे. पाखरांचा थवा बसलेला दिसला तर वळसा घालून जावे. कुत्रा बरोबर असल्यास तो बांधून ठेवावा. वाळूवर गाडी नेऊ नये. उन्हाळ्यात काही चिखल्या येथेच वाळूच्या खळग्यात अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. तेव्हा पाय जपून टाकावा. आईसकट घरट्याचा नाश करू नये, हा दंडक अनुवादाच्या ग्रंथात मोशेने सांगून ठेवलाच आहे. ज्यांची खाजने आहेत त्यांनी गावकऱ्यांसह बांधाची निगा राखावी. आणि मुलांस जवळ बसवून एकदा तरी हे दाखवावे. कारण आमच्या भाच्यास दोष द्यावयास आम्हांस तोंड नाही. त्यास दुसऱ्यांदा पळावयास सांगणारे आम्हीच होतो.

पवित्र शनिवारी सकाळी, रात्रीच्या जागरविधीस अजून पुष्कळ अवकाश होता तेव्हा, भाच्याने आपण होऊन मोरजीस चलण्याचा हट्ट धरला. पाणी चढलेले होते. दांड्यावर थवा होता, पण आम्हांस तो बुधवारपेक्षा लहान वाटला. तांबड्या छातीचे चिखल्ये तर फारच थोडे दिसले. काही निघून गेले असावेत. भाच्यास पलीकडच्या टोकास जाऊन शंख वेचावयाचे होते. वाट थव्याजवळून होती. तो थांबला, चपला हातात घेतल्या, आणि माडांच्या सावलीतून, झाडाझुडपांच्या कडेने लांबचा वळसा घेऊन गेला. एकही पाखरू उठले नाही.

रात्री शिवोलीच्या देवळात नव्या अग्नीवरून मेणबत्त्या पेटल्या. प्रार्थनेच्या वेळी बहिणीने त्या म्हातारीच्या तारवटी मुलासाठी प्रार्थना केली. आम्ही त्या मुलासाठी केली, आणि त्या रात्री हिमालयाच्या वाटेवर असलेल्या त्या लहान प्रवाशांसाठीही केली. परमेश्वर दोघांसही सुखरूप घरी पोहोचवो.